औषधांतलं नॅनो तंत्रज्ञान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातले रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि अधूनमधून नवशिके फार्मासिस्ट हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. उत्तरांतले डोसचे आकडे फाईलवरचा हिशेब ताडून पाहायला आहेत, घरबसल्या डोस ठरवायला नाहीत. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नॅनो नॅनो म्हणतात ते नक्की किती बारीक?

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. डोक्याचा केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो, रक्तातली तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटरची आणि डीएनएच्या धाग्याची रुंदी जेमतेम २ नॅनोमीटर. कागदोपत्री १ ते १०० नॅनोमीटरच्या कणाला नॅनो म्हणतात. औषधांत मात्र त्याहून थोडे मोठे कणही याच नावाखाली येतात. प्रश्न ६ मधल्या औषधाचा कण सुमारे १३० नॅनोमीटरचा आहे.

२. औषध तेच, मग कण बारीक करून फरक काय पडतो?

दोन गोष्टी बदलतात. पहिली म्हणजे पृष्ठभाग. एक सेंटीमीटर बाजूचा ठोकळा घेतला तर त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटीमीटर. त्याचेच १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो, म्हणजे सात बॅडमिंटन कोर्टांहून जास्त. पाण्यात न विरघळणारं औषध इतकं दळलं की ते आतड्यात भराभर विरघळतं. केमोच्या उलट्यांवरचं अ‍ॅप्रेपिटंट २००३ मध्ये याच पद्धतीने बाजारात आलं.

दुसरी गोष्ट म्हणजे मुक्कामाची जागा. औषध चरबीच्या सूक्ष्म पिशवीत (हिला लायपोसोम म्हणतात) किंवा प्रथिनाच्या गोळीत बांधलं की ते रक्तात किती वेळ फिरणार, कुठल्या अवयवात उतरणार आणि कुठे जाणार नाही, हे सगळं बदलतं. रेणू तोच राहतो, त्याचं वाहन बदलतं. पुढच्या बहुतेक उत्तरांचं मूळ इथे आहे: वाहन बदललं की डोस, सलाईन, वेग आणि त्रास, सगळंच बदलतं. म्हणून चिठ्ठीवर औषधाच्या नावाइतकाच त्याच्या आधीचा शब्दही वाचायचा असतो.

३. वडिलांना ट्रायग्लिसराइडसाठी फेनोफायब्रेट १६० होतं. नव्या चिठ्ठीत १४५ आलं. डोस कमी केला का?

बहुधा नाही. १४५ मिलिग्रॅमची गोळी नॅनो कणांची असते आणि ती जुन्या १६० मिलिग्रॅम गोळीइतकंच औषध रक्तात पोचवते. शिवाय जुनी गोळी जेवणासोबतच घ्यावी लागते, नाहीतर नीट शोषली जात नाही. १४५ ची गोळी जेवणाआधी घेतली काय, नंतर घेतली काय, फरक पडत नाही. घरात जुनी पट्टी शिल्लक असेल तर दोन्ही एकाच दिवशी घेऊ नयेत. हा घोळ वाटतो त्याहून जास्त वेळा होतो.

४. नॅनो कण थेट कर्करोगाच्या गाठीवरच जाऊन बसतात, बाकी शरीराला धक्का लागत नाही, हे खरं का?

असं जाहिरातीत असतं. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या असल्यामुळे गळक्या असतात आणि तिथून कण आत झिरपतात, हे निरीक्षण १९८६ मध्ये जपानमध्ये मांडलं गेलं आणि ते बरोबर आहे. पण किती झिरपतात? प्राण्यांवरच्या दहा वर्षांच्या प्रयोगांचा २०१६ मध्ये एकत्र आढावा घेतला तेव्हा टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचं प्रमाण ०.७ टक्के निघालं. बाकीचा मोठा भाग यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात.

मग ही औषधं वापरायचीच कशाला? कारण त्यांचा खरा फायदा बऱ्याचदा गाठीपेक्षा इतरत्र दिसतो. हृदयात औषध कमी जातं, मूत्रपिंड वाचतं, त्रासदायक द्रावक टाळता येतो. ‘गाठ लवकर वितळेल’ अशी आशा लावून महागडं औषध मागू नका. ‘माझ्या आईचं हृदय आधीच कमकुवत आहे, हिला लायपोसोमल चालेल का?’ असं डॉक्टरांना विचारलंत तर चर्चा पुढे सरकते.

५. आईला आधी ‘लाल इंजेक्शन’ दिलं होतं, आता ‘लायपोसोमल’ लिहिलंय. दोन्ही एकच का?

आतला रेणू एकच, डॉक्सोरुबिसिन. पण ही दोन औषधं एकमेकांच्या जागी वापरायची नसतात. लायपोसोमल प्रकारात औषध सुमारे ८० ते १०० नॅनोमीटरच्या चरबीच्या पिशवीत कोंडलेलं असतं आणि पिशवीला बाहेरून पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं आवरण असतं, त्यामुळे ते कित्येक दिवस रक्तात फिरत राहतं. अमेरिकेत याला १९९५ मध्ये मान्यता मिळाली. बाटलीतसुद्धा फरक ओळखता येतो: साधं द्रावण लाल आणि आरपार दिसणारं, लायपोसोमल लालच पण किंचित धुरकट.

डोसचा हिशेब शरीराच्या पृष्ठभागावर होतो. उंची सेंटीमीटरमध्ये गुणिले वजन किलोमध्ये, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ. उंची १५५ आणि वजन ५८ असेल तर उत्तर १.५८ चौरस मीटर. अंडाशयाच्या कर्करोगात दर चार आठवड्यांनी ५० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर धरलं तर ७९ मिलिग्रॅम, म्हणजे २० मिलिग्रॅमच्या चार बाटल्या.

हे औषध ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळतात, ९० मिलिग्रॅमपर्यंत २५० मिलिलिटरमध्ये. मिठाच्या सलाईनमध्ये नाही. नळीत फिल्टर लावत नाहीत. सुरुवात मिनिटाला १ मिलिग्रॅम या वेगाने करतात आणि काही त्रास झाला नाही तर साधारण तासाभरात संपवतात. घाई केली तर काय होतं ते प्रश्न ८ मध्ये आहे.

केस कमी गळतात, उलट्या कमी होतात, पण हातापायांची सालं निघण्याचा त्रास वाढतो. औषध रक्तात रेंगाळतं आणि जिथे घर्षण आणि उष्णता असते तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांतून झिरपतं. डोसनंतरचा आठवडाभर गरम पाण्याने भांडी घासणं, कढत पाण्याची आंघोळ, नवी करकरीत कोल्हापुरी, घट्ट बांगड्या, पाय दाबून घेणं, हे सगळं बंद. तळवे लाल होऊन चुणचुणायला लागले की लगेच कळवा. फोड येईपर्यंत थांबलात तर पुढचा डोस लांबतो. एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे.

आधीच्या लाल इंजेक्शनचे सगळे डोस यातही मोजले जातात. साध्या डॉक्सोरुबिसिनची आयुष्यभराची मर्यादा साधारण ५५० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर धरतात, म्हणून रुग्णालय बदललंत तर जुन्या केमोची फाईल आणि आधीचा टूडी इको सोबत हवाच.

६. पॅक्लिटॅक्सेलचा डोस आधी १७५ होता, आता २६० लिहिलाय. चूक झाली का?

२६० च्या आधी ‘नॅब’ किंवा ‘अल्ब्युमिन-बाउंड’ लिहिलेलं असेल तर चूक नाही. साधं पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही. ते प्रक्रिया केलेल्या एरंडेल तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळवतात, आणि अंगावर पित्त उठणं, धाप लागणं हे त्रास बरेचसे त्या तेलामुळे होतात. म्हणून आधी स्टेरॉइड द्यावं लागतं आणि सलाईन तीन तास चालते. नॅब प्रकारात तेल नाही. औषध अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेलं असतं, म्हणून स्तनाच्या कर्करोगात २६० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर अर्ध्या तासात देता येतं. स्वादुपिंडाच्या कर्करोगात वेळापत्रक वेगळं असतं: १२५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, २८ दिवसांच्या चक्रात पहिल्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी.

उलट चूक मात्र जिवावर बेतू शकते. नॅबचा २६० चा डोस लिहिलेला असताना साधं पॅक्लिटॅक्सेल चढवणं म्हणजे दीडपट विष. बाटली उघडण्याआधी सिस्टरांनी नाव मोठ्याने वाचून दाखवावं असं सांगायला लाजू नका.

तयार करण्याची पद्धत विचारणाऱ्या फार्मासिस्टांसाठी: १०० मिलिग्रॅमच्या बाटलीत २० मिलिलिटर ०.९ टक्के सलाईन, कमीत कमी एक मिनिट घेऊन, बाटलीच्या भिंतीवरून सोडायची. सरळ पावडरीवर धार मारली तर फेस होतो. पाच मिनिटं तशीच ठेवा, मग किमान दोन मिनिटं हलक्या हाताने फिरवा. फेस झालाच तर पंधरा मिनिटं थांबा. तयार झालेलं औषध दुधासारखं पांढरं आणि एकजीव दिसलं पाहिजे. रक्ताच्या तपासणीत न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १५०० च्या खाली असतील तर डोस पुढे ढकलतात.

७. काळ्या बुरशीच्या वेळी ‘लायपोसोमल अँफोटेरिसिन’साठी लोक वणवण फिरले. साधं अँफोटेरिसिन मिळत असताना तेच का हवं होतं?

२०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले आणि पुण्यात सदाशिव पेठेतल्या घाऊक बाजारापासून गल्लीतल्या दुकानापर्यंत सगळीकडे या एका बाटलीची चौकशी होत होती. त्यातले बरेच रुग्ण मधुमेही होते, म्हणजे मूत्रपिंडं आधीच थकलेली. साधं अँफोटेरिसिन नेमकं मूत्रपिंडावरच घाव घालतं. लायपोसोमल प्रकारात औषध १०० नॅनोमीटरहून लहान पिशवीच्या भिंतीत रुतवलेलं असतं. ते बुरशीच्या पेशीशी भिडल्यावर सुटतं, मूत्रपिंडाच्या वाट्याला कमी येतं. म्हणून डोस कितीतरी जास्त देता येतो: म्युकरमध्ये रोज ५ ते १० मिलिग्रॅम प्रति किलो. काळा आजार या वेगळ्याच रोगात तर भारतात १० मिलिग्रॅम प्रति किलोचा एकच डोस देतात.

इथली सगळ्यात घातक चूक नीट समजून घ्या. साध्या अँफोटेरिसिनचा दिवसाचा डोस कुठल्याही परिस्थितीत १.५ मिलिग्रॅम प्रति किलोच्या वर जाता कामा नये. ‘अँफोटेरिसिन ३०० मिलिग्रॅम’ एवढंच लिहिलं आणि हाती साधी बाटली लागली तर ६० किलोच्या माणसाचं हृदय बंद पडू शकतं. त्याच माणसाला लायपोसोमल ३०० मिलिग्रॅम हा रोजचा डोस आहे, ५० मिलिग्रॅमच्या सहा बाटल्या. बाजारात ‘लिपिड कॉम्प्लेक्स’ आणि ‘लिपिड इमल्शन’ असेही प्रकार आहेत. ते तिसरे आणि चौथे, त्यांचे आकडे याला लावू नका.

तयार करताना प्रत्येक ५० मिलिग्रॅम बाटलीत १२ मिलिलिटर निर्जंतुक पाणी, आणि लगेच तीस सेकंद जोरात हलवायचं. प्रश्न ६ मधली बाटली हलक्या हाताने फिरवायची आणि ही गदागदा हलवायची. दोन्ही ‘नॅनो’, पण सवयीने हात एकसारखा चालवला तर एकात फेस होतो आणि दुसऱ्यात गुठळ्या राहतात. मग सोबत आलेल्या ५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढून ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळायचं आणि सुमारे दोन तासांत द्यायचं. मिठाच्या सलाईनचा स्पर्शही नको, साका बसतो. त्याच नळीतून आधी साधी सलाईन चालू असेल तर ती नळी डेक्स्ट्रोजने धुऊन घ्यावी लागते. उपचार चालू असेपर्यंत क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांच्यावर नजर हवी. पोटॅशियम उतरलं की पायात गोळे येतात, छातीत धडधडतं.

८. पहिल्याच डोसला पाच मिनिटांत चेहरा लाल झाला, कंबर भरून आली, छाती आवळली. अ‍ॅलर्जी आहे म्हणून औषध कायमचं बंद का?

दरवेळी नाही. चरबीच्या पिशव्या रक्तात शिरल्या की शरीराची एक जुनी संरक्षक साखळी, कॉम्प्लिमेंट नावाची, त्यांना जंतू समजून भडकते. यासाठी आधी औषधाशी ओळख झालेली असावी लागत नाही, म्हणूनच ही प्रतिक्रिया पहिल्या डोसला आणि पहिल्या काही मिनिटांत येते. सलाईन थांबवली की बहुतेकांना बरं वाटतं आणि नंतर अगदी कमी वेगाने तेच औषध सोसतं. पण श्वास घरघरला, रक्तदाब पडला, ओठ सुजले तर ती वेगळी गोष्ट आणि निर्णय डॉक्टरांचा. नातेवाइकांनी एवढंच करावं: पहिली पंधरा मिनिटं खाटेजवळून हलू नये, आणि ‘लवकर आटपा, शेवटची बस चुकेल’ म्हणून वेग वाढवायला सांगू नये.

९. औषध पुण्यातून घेऊन गावी द्यायचंय. बर्फात ठेवू का? आमच्याकडे गुरुवारी वीजही नसते.

आधी खोक्यावरचं तापमान वाचा, सगळ्यांना फ्रिज लागत नाही. लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन २ ते ८ अंशांत हवं. नॅब-पॅक्लिटॅक्सेलची न उघडलेली बाटली साध्या खोलीच्या तापमानाला, २० ते २५ अंशांत, राहते. लायपोसोमल अँफोटेरिसिनच्या बऱ्याच बाटल्या २५ अंशांपर्यंत चालतात. उन्हाळ्यात मात्र पुण्यातली बंद गाडी ही खोली नव्हे.

फ्रिजवालं औषध बर्फावर थेट ठेवलं की गोठतं, आणि गोठणं उन्हाइतकंच वाईट. पाण्याचे स्फटिक चरबीची पिशवी फाडतात, औषध बाहेर पडतं, आणि नंतर वितळल्यावर बाटली वरून जवळजवळ पहिल्यासारखीच दिसते. थर्माकोलचा डबा घ्या, जेल पॅक फ्रीजरमधून काढून बाहेर घाम सुटेपर्यंत ठेवा, पॅक आणि बाटली यांच्यामध्ये वर्तमानपत्राची घडी घाला. घरच्या फ्रिजमध्ये मधला कप्पा, दार नको आणि फ्रीजरखालचा ट्रेही नको.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तर दार न उघडलेला फ्रिज तीन-चार तास बऱ्यापैकी थंड राहतो. बुधवारी रात्रीच पाण्याच्या दोन बाटल्या थंड करून त्याच कप्प्यात ठेवल्या तर आणखी निभावतं. शंका आली तर बाटली दुकानात दाखवा आणि किती तास वीज नव्हती ते खरं सांगा.

१०. सुनेचं हिमोग्लोबिन ७.५ आहे, सहावा महिना. डॉक्टर लोहाची एकच मोठी सलाईन म्हणतात, शेजारणीला पाच दिल्या होत्या. कोणतं बरोबर?

दोन्ही. आणि ही दोन्हीही नॅनो औषधंच आहेत, कोणी तसं म्हणत नाही एवढंच. मोकळं लोह शिरेत सोडलं तर विषारी ठरतं, म्हणून लोहाचा गाभा साखरेच्या साखळ्यांत गुंडाळून देतात. आयर्न सुक्रोजचं आवरण सैल असतं, म्हणून एका वेळी २०० मिलिग्रॅम, असे चार-पाच डोस एक दिवसाआड. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजचं आवरण घट्ट, लोह सावकाश सुटतं, म्हणून एका वेळी २० मिलिग्रॅम प्रति किलो, पण १००० मिलिग्रॅमच्या वर नाही, कमीत कमी पंधरा मिनिटांत.

हिशेब असा: गरोदरपणाआधीचं वजन ५०, हिमोग्लोबिन ७.५, न्यायचंय ११ वर. ५० गुणिले ३.५ गुणिले २.४ म्हणजे ४२०, त्यात साठ्यासाठी ५०० मिळवले की ९२० मिलिग्रॅम. एका मोठ्या सलाईनमध्ये हे बसतं, सुक्रोजने पाच फेऱ्या होतात.

हे मिठाच्या सलाईनमध्येच मिसळतात, प्रश्न ५ आणि ७ च्या बरोबर उलट. १००० मिलिग्रॅम २५० मिलिलिटरपेक्षा जास्त सलाईनमध्ये पातळ करत नाहीत, आवरण अस्थिर होतं. पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत. संपल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. सुई शिरेबाहेर सरकली तर कातडीवर चहासारखा तपकिरी डाग पडतो आणि तो महिनोन्‌महिने, कधी कायमचा राहतो. म्हणून आग झाली की तत्क्षणी सांगायचं. लोहाच्या गोळ्या त्या काळात थांबवतात. कार्बोक्सिमाल्टोज पुन्हा पुन्हा घेतलेल्यांना हाडं दुखणं, अशक्तपणा वाढणं असं झालं तर रक्तातलं फॉस्फेट तपासायला सांगा. हिमोग्लोबिन चढूनही थकवा का, याचं उत्तर कधीकधी तिथे असतं.

११. कोव्हिडची लस घेतली म्हणजे अंगात नॅनो कण गेले का?

कोणती घेतली त्यावर आहे. हडपसरच्या सीरममध्ये बनलेली कोव्हिशिल्ड ही निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर आधारलेली आहे, कोव्हॅक्सिन मृत विषाणूची. दोन्हींत कारखान्यात बनवलेले चरबीचे नॅनो कण नाहीत. एमआरएनए लशींत ते असतात, कारण उघडा एमआरएनए शरीरात क्षणात तुटतो आणि पेशीत शिरू शकत नाही. पुण्याच्याच जिनोव्हाची एमआरएनए लस जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापरासाठी मंजूर झाली. ती २ ते ८ अंशांत राहते, उणे ७० ची गरज नाही, हे तिचं खरं कौतुक. सीरमच्या कोव्होव्हॅक्समध्ये विषाणूचं प्रथिन आणि सोबत सुमारे ४० नॅनोमीटरचे, झाडाच्या सालीतल्या सॅपोनिनपासून केलेले, प्रतिकारशक्तीला चालना देणारे उत्तेजक कण असतात. तेच उत्तेजक आर-२१ या मलेरियाच्या लशीत आहेत. तीही सीरममध्ये बनते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली.

चिप, चुंबक वगैरे काही नाही. दंडाला चमचा चिकटतो तो घामाने.

१२. घरच्या गर्भचाचणीत दुसरी रेघ फिकट आली, अर्ध्या तासाने अजून दिसायला लागली. काय समजायचं?

ती रेघ म्हणजे नॅनो सोनं. पट्टीत साधारण २० ते ४० नॅनोमीटरचे सोन्याचे कण असतात. इतक्या बारीक आकारात सोनं पिवळं नव्हे, वाइनसारखं लाल दिसतं. संप्रेरक असेल तर ते कणांना धरून रेघेवर अडकवतं. सांगितलेल्या वेळेत, बहुतेक पट्ट्यांत पाच मिनिटांत, उमटलेली फिकट पण गुलाबी रेघ म्हणजे ‘आहे’. दोन दिवसांनी सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा करा, गडद झाली पाहिजे. अर्ध्या तासाने दिसणारी राखाडी रेघ लघवी वाळल्याची असते, ती धरू नका. पट्टी नीट चालल्याची खूण असलेली सी ची रेघच नाही आली तर चाचणी बाद.

पावसाळ्यात पाकीट आधी फोडून ठेवलं तर दमटपणाने कण गोळा होतात आणि रेघ फुटकी येते. आयत्या वेळी फोडा. कोव्हिडच्या घरगुती पट्ट्यांचं तत्त्वही हेच.

१३. भाजल्यावर चांदीची पट्टी लावली. सिस्टर ती सलाईनने भिजवू नका म्हणाल्या. का?

सलाईनमध्ये मीठ, म्हणजे क्लोराइड. चांदीचे सुटे आयन क्लोराइडशी मिळून सिल्व्हर क्लोराइड होतं आणि जंतू मारायला मोकळी चांदी कमी उरते. म्हणून नॅनो-स्फटिक चांदीची पट्टी निर्जंतुक पाण्याने ओली करतात. प्रकाराप्रमाणे ती तीन किंवा सात दिवस राहते. रोज उघडून बघण्याने उलट नवी कातडी निघते. खाली खोबरेल, तूप, हळद काही नको. एमआरआयआधी ती काढायला सांगा. ट्यूबमधली पांढरी सिल्व्हर सल्फाडायझिन मलम ही वेगळी वस्तू, तिच्यात नॅनो काही नाही.

१४. सुवर्णभस्म म्हणजे आपलं प्राचीन नॅनो औषधच ना? नातवाला पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशन देतो.

नीट केलेल्या सुवर्णभस्मात नॅनो आकाराचे सोन्याचे कण सापडले आहेत, हे खरं. भस्म पाण्यावर तरंगलं पाहिजे, बोटांच्या रेषांत शिरलं पाहिजे, चकाकी उरता कामा नये, या रसशास्त्रातल्या कसोट्या म्हणजे एका अर्थी बारीकपणाच्याच कसोट्या आहेत. पण कण बारीक आहे यावरून तो गुणकारी आहे किंवा निर्धोक आहे, यातलं काहीच सिद्ध होत नाही. सिगारेटच्या धुरातही नॅनो कण असतात. त्यासाठी माणसांवरच्या चाचण्याच लागतात.

नातवाचं वय एक वर्षाच्या आत असेल तर सोन्यापेक्षा मधाची काळजी करा. मधातल्या जिवाणूच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो. आणि सुटं, विनालेबल भस्म कुणाकडूनही घेऊ नका.

१५. ‘नॅनो सिल्व्हर’ पाणी, नॅनो लॉकेट, नॅनो पट्टे घ्यावेत का?

नाही. चांदीचं पाणी दीर्घकाळ प्यायलं तर कातडी निळसर-राखाडी होते आणि ती परत उजळत नाही. लॉकेट निदान निरुपद्रवी, खिशाला सोडून.

१६. नॅनो सनस्क्रीन अंगात मुरतं का?

झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडचे कण जखम नसलेल्या कातडीच्या वरच्या मृत थरातच अडकतात. स्प्रे मात्र टाळा: तेच कण फुप्फुसात गेले तर तिथून सहज निघत नाहीत.

१७. नॅनोबॉट सोडून हृदयातले ब्लॉकेज साफ करतात असं फॉरवर्ड आलंय. पुण्यात कुठे होतं?

कुठेच नाही, पुण्यात नाही आणि परदेशातही नाही. डीएनएच्या घडीचे ‘रोबॉट’ उंदरांवरच्या प्रयोगांत आहेत, आणि तेही रक्तवाहिनी साफ करायला नव्हे तर गाठीकडे जाणारी वाहिनी बंद करायला. अँजिओप्लास्टी पुढे ढकलून अशा उपचाराची वाट पाहू नका.

१८. हे कण शरीरात साचून राहतात का?

कशाचे बनलेत त्यावर आहे. सुमारे ६ नॅनोमीटरहून लहान असतील तर मूत्रपिंड गाळून टाकतं. त्याहून मोठे यकृत आणि प्लीहेत जातात. चरबीच्या पिशव्या आणि अल्ब्युमिन तिथे पचतात, लोह साठ्यात जमा होतं. सोनं आणि चांदी पचत नाहीत, ती यकृतात दीर्घकाळ राहू शकतात. म्हणून ‘नॅनो सुरक्षित आहे का’ या प्रश्नाला एक उत्तर नाही.

१९. आम्ही शाकाहारी. या औषधांत काय काय असतं?

नॅब-पॅक्लिटॅक्सेलमधलं अल्ब्युमिन मानवी रक्तद्रवातून काढलेलं असतं, अंड्यातलं नाही. ज्यांना धार्मिक कारणाने रक्तजन्य पदार्थ चालत नाहीत त्यांनी आधीच सांगावं. डॉक्सोरुबिसिनच्या पिशवीत सोयाबीनपासूनचं लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल असतं. ते कोलेस्टेरॉल इतकं थोडं की लिपिड प्रोफाइल बिघडेल ही भीती नको. सोयाची गंभीर अ‍ॅलर्जी असेल तर मात्र डोसआधी बोला.

२०. जेनेरिक लायपोसोमल स्वस्तात मिळतंय. चालेल का?

गोळीचं जेनेरिक बनवायला रेणू आणि विरघळण्याचा वेग जुळवला की बरंचसं काम होतं. इथे पिशवीचा आकार, भिंतीचा घट्टपणा, आत औषध कोणत्या रूपात बसलंय हे सगळं जुळावं लागतं. ते अवघड आहे, अशक्य नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत मूळ औषधाचा तुटवडा झाला तेव्हा तिथल्या औषध प्रशासनाने भारतीय बनावटीचं लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन तात्पुरतं आयात करू दिलं आणि पुढच्या वर्षी त्याच भारतीय कंपनीच्या जेनेरिकला रीतसर मान्यता दिली.

तेव्हा जेनेरिकला नाक मुरडायचं कारण नाही. पण उपचाराच्या मध्येच दर डोसला कंपनी बदलू नका, आणि प्रत्येक वेळी बाटलीवरचा बॅच क्रमांक फाईलमध्ये लिहून ठेवा. बिल नाही तर औषध नाही, हा नियम इथे कडक पाळा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पैसे उपचाराच्या पॅकेजवर मिळतात, म्हणून लायपोसोमल प्रकार त्यात बसतो का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्या डोसआधी विचारा, नंतर नाही.

२१. रुग्णालयाने नव्या नॅनो औषधाच्या चाचणीत यायला सांगितलंय. काय तपासू?

मूळ औषध जुनं आणि मान्यताप्राप्त असलं तरी त्याचं नवं वाहन आलं की २०१९ च्या नियमांप्रमाणे ते नवं औषधच धरलं जातं. त्याच वर्षी नॅनो औषधांच्या मूल्यमापनाची वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही निघाली. चाचणीचा सीटीआरआय (देशातल्या औषध चाचण्यांची सरकारी नोंदवही) क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर स्वतः शोधा. संमतिपत्र मराठीत मिळालं पाहिजे आणि घरी नेऊन वाचायला वेळ मिळाला पाहिजे. चाचणीच्या औषधाचे पैसे मागितले तर तिथेच थांबा. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा किंवा आघारकर संस्था यांच्यासारख्या ठिकाणी नॅनो कणांवर संशोधन होतं, पण प्रयोगशाळेतून कोणी थेट रुग्णाला औषध देत नाही. ‘तिथल्या ओळखीतून मिळतं’ असं सांगणाऱ्याला नमस्कार करून निघा.

२२. लोहाची सलाईन झाली आणि पुढच्या महिन्यात एमआरआय आहे. अडचण येईल का?

कोणतं लोह ते महत्त्वाचं. फेरुमॉक्सिटॉल हे लोह ऑक्साइडचं औषध चुंबकीय असतं आणि तीन महिन्यांपर्यंत प्रतिमा बदलू शकतं. परदेशात उपचार घेऊन आलेल्यांच्या कागदांत हे नाव सापडण्याची शक्यता जास्त. सलाईनचा कागद, त्यावरचं नाव, डोस आणि तारीख एमआरआयच्या टेबलावर चढण्याआधी तंत्रज्ञाला दाखवा. ‘आयर्न दिलं होतं’ एवढं तोंडी सांगून भागत नाही.